ब्रन्सन आणि टाउन्स दोघंही डिफेन्समध्ये कच्चे, मग निक्स चॅम्पियन होणार कसे?

पहाटेचा_प्रेक्षक (पुणे), ऑगस्ट २०२५

मंडळी, एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल झाली, ओक्लाहोमा सिटीने सातव्या मॅचला इंडियानाला हरवलं, ड्राफ्ट (नव्या पोरांची निवड) झाला, फ्री एजन्सी (करार संपलेल्यांना घेणं) पण आटपली, आता ऑक्टोबरपर्यंत नुसतं बसायचं. म्हणून मे महिन्यापासून डोक्यात अडकलेलं एकदा विचारून टाकतो. मी निक्सवालाच (न्यू यॉर्क निक्स) आहे, त्यामुळे हेटर वगैरे म्हणू नका प्लीज.

आपले दोन स्टार बघा. जेलन ब्रन्सन, उंची कागदावर सहा फूट दोन इंच, मागच्या सीझनला २६ पॉइंट, सातच्या वर असिस्ट आणि क्लच प्लेअर ऑफ द इयर (अटीतटीच्या वेळी सगळ्यात भारी). कार्ल-अँथनी टाउन्स, सात फुटी माणूस, २४ च्या वर पॉइंट, जवळपास १३ रिबाऊंड आणि थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारतो ४२ टक्क्यांनी, म्हणजे गार्ड लोकांना लाजवेल असा. दोघंही ऑल-एनबीए, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. अटॅकमध्ये अशी जोडी ईस्टमध्ये (लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या टीमांत) कुणाकडे आहे सांगा.

पण डिफेन्स! ब्रन्सन जीव तोडून खेळतो, चार्ज घ्यायला छाती पुढे करतो, सगळं मान्य, पण उंचीच नाही तर करणार काय, समोरचा निवांत त्याच्या डोक्यावरून मारतो. टाउन्सला उंची आहे पण पाय उशिरा हलतात आणि वरून ते फालतू फाऊल, जे बघून मी टीव्हीशी भांडतो. मे महिन्यात पेसर्सविरुद्ध (म्हणजे इंडियाना) पहिल्या मॅचला ब्रन्सनचे ४३, टाउन्सचे ३५, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ राहिला होता आणि आपण १४ ने पुढे, तरी हरलो. त्या नेस्मिथने ९ पैकी ८ थ्री मारले, हॅलिबर्टनचा शेवटचा बॉल रिंगवरून उंच उडाला आणि परत आत पडला, ओव्हरटाइममध्ये १३८-१३५. दोन स्टार मिळून ७८ करतात आणि मॅच जात्ये. मग अजून किती करायचे?

तर प्रश्न असा, की ज्या टीमच्या दोन्ही मेन प्लेअरमध्ये एवढी मोठी खोट आहे ती टीम चॅम्पियन होऊ शकते का? आधी कुणी झालंय का? का कोच थिबोडोला काढून माइक ब्राऊनला आणलं हे सगळं वरवरचं आहे आणि १९७३ च्या ट्रॉफीनंतर रखडलेली गाडी अशीच रखडणार?


नागपाडा_नंबर_७

नाही होणार. झालं उत्तर :)

बरं, सविस्तर. नागपाड्याच्या कोर्टवर आम्हाला पहिली गोष्ट काय शिकवली तर समोरच्या पाचात सगळ्यात कच्चा कोण ते पहिल्या दोन मिनिटांत शोधायचं आणि मग दिवसभर त्याच्यावरच जायचं. एनबीएत पण हेच, फक्त तिथे त्यासाठी पगारी माणसं आणि व्हिडिओ रूम आहे. ब्रन्सन ज्याला गार्ड करतोय त्याला वर बोलवायचं, बॉलवाल्यासाठी स्क्रीन लावायला लावायची (आडवं उभं राहून गार्ड करणाऱ्याची वाट अडवायची), ब्रन्सनला स्विच करावं लागतं, म्हणजे माणूस बदलावा लागतो, आणि आता तुमचा सगळ्यात चांगला माणूस त्यांच्या सगळ्यात बुटक्या माणसासमोर. हे प्रत्येक टीम करते, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) तर दर पझेशनला, बॉल हातात आला की दर वेळी.

आणि जगात बुटका गार्ड नंबर एक असलेल्या किती टीम जिंकल्यात? आयझेया थॉमस १९८९ आणि १९९०. करी. संपली लिस्ट. आयव्हर्सन २००१ ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) होता, फायनलच्या पहिल्या मॅचला लॉस एंजेलिसमध्ये जाऊन ४८ मारले, आणि पुढच्या चार मॅच लेकर्सने ओळीने जिंकल्या. त्याच्या पाठीमागे तर मुटोंबो होता, डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. तुमच्या ब्रन्सनच्या पाठीमागे टाउन्स आहे.

एक कच्चा असेल तर लपवता येतो हो. दोन कच्चे आणि त्यातला एक गार्ड नि एक सेंटर, म्हणजे पिक अँड रोलमध्ये (गार्डकडे बॉल, सेंटर स्क्रीन लावतो) दोघं एकाच वेळी सापडणार. दुसरीकडे कुठे पाठवणार त्यांना, पार्किंगमध्ये?


मिरजेचा_जोकर

हाहा पार्किंग. पण नंबर सात भाऊ, २०२३ विसरलात वाटतं.

डेन्व्हर. निकोला योकिच, ज्याला उडी मारता येत नाही, पळता येत नाही, २०१४ ला ४१ वा ड्राफ्ट झाला तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. सगळे म्हणायचे हा सेंटर असताना रिंगचं रक्षण कोण करणार. जोडीला जमाल मरे, तोवर एकदाही ऑल-स्टार नाही, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एक आख्खा सीझन घरी बसलेला, आणि डिफेन्स यथातथाच. गार्ड आणि सेंटर, अगदी तुम्ही म्हणता तीच जोडी. प्लेऑफमध्ये १६ जिंकल्या ४ हरल्या. फायनलच्या तिसऱ्या मॅचला दोघांनी एकाच मॅचमध्ये तीसच्या वर पॉइंट घेऊन ट्रिपल डबल (पॉइंट, रिबाऊंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) केला, आधी असं कुठल्याच दोन टीममेटनी केलं नव्हतं.

कसं जमलं? बाजूचे तीन बघा. अ‍ॅरन गॉर्डन, कॉल्डवेल-पोप, बेंचवरून ब्रूस ब्राऊन. ही तीन माणसं समोरच्याला श्वास घेऊ देत नव्हती. गॉर्डन ऑर्लँडोमध्ये स्वतः स्टार व्हायला निघालेला, इथे येऊन गपचूप समोरच्याच्या सगळ्यात अवघड माणसाला घेतो आणि योकिचने दिलेला बॉल डंक करतो. माझ्या मते ती ट्रॉफी जितकी योकिचची तितकीच गॉर्डनची.

आणि अजून मागे जायचं तर डॅलसचा डर्क नोविट्स्की. २००७ ला एमव्हीपी झाला आणि त्याच वर्षी पहिल्याच राऊंडला आठव्या सीडकडून हरून घरी, लोकांनी सॉफ्ट सॉफ्ट म्हणून जीव नको केला. २०१० च्या उन्हाळ्यात डॅलसने टायसन चँडलर आणला आणि २०११ ला लेब्रॉन, वेड, बॉशला हरवून चॅम्पियन. त्या टीमने फायनलमध्ये चक्क बॅरेआला चौथ्या मॅचपासून स्टार्ट केलं, तो तर ब्रन्सनपेक्षाही बुटका! वर झोन डिफेन्स (माणूस नाही, जागा राखायची) लावून लेब्रॉनला गोंधळात टाकलं, त्याच चौथ्या मॅचला त्याचे फक्त ८ पॉइंट होते. कोच कोण होता? रिक कार्लाइल. म्हणजे ज्याने आपल्याला आत्ता मे महिन्यात हरवलं तोच. त्याला खोटवाले प्लेअर कसे झाकायचे हे पण माहितीये आणि समोरच्याचे कसे उघडे पाडायचे हे पण.

लेकर्सच्या शॅकचं तर सोडाच. २००० च्या फायनलला दुसऱ्या मॅचमध्ये इंडियानाने त्याला मुद्दाम फाऊल करकरून ३९ फ्री थ्रो मारायला लावले, त्यातले १८ च आत गेले, तरी मॅच लेकर्सनीच घेतली. खोट नसलेला स्टार बघायला मिळतो कुठे?


एडिसनची_मावशी

दोघांचंही वाचलं आणि दोघांनी अर्धी गोष्ट सांगितली असं वाटतंय. मी इथे न्यू जर्सीत वीस वर्षं निक्स बघते, त्यातली बरीचशी वर्षं रडण्यासारखी होती, त्यामुळे आता थोडं चांगलं चाललंय तर मला ते नीट समजून घ्यायची हौस आहे. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळे डिफेन्स डिफेन्स करतात पण मागच्या सीझनला निक्सचं जे बिघडलं ते आधी अटॅकमध्ये बिघडलं. सुरुवातीला आठवत असेल तर काय धमाल चाललेली, ब्रन्सन वर बॉल घेऊन, टाउन्स स्क्रीन लावतो, त्याला गार्ड करणारा सेंटर मागे थांबला तर टाउन्स मोकळा थ्री मारतो, पुढे आला तर ब्रन्सन आत घुसतो, कुणालाच उत्तर सापडत नव्हतं. मग जानेवारीच्या आसपास टीमांनी युक्ती काढली, टाउन्सवर सेंटर ठेवायचाच नाही. त्याच्यावर एखादा लांब हातांचा विंग प्लेअर (मधल्या उंचीचा, चपळ) ठेवायचा आणि त्यांचा सेंटर द्यायचा आपल्या जॉश हार्टला. कारण हार्ट लांबून मारेल याची भीती कुणाला नाही. आता ब्रन्सन-टाउन्सने स्क्रीन लावली की समोरचे दोघं सरळ स्विच करतात, काही बिघडत नाही त्यांचं, आणि हार्टला सोडून त्यांचा सेंटर रिंगखाली उभा. म्हणजे टाउन्सला घेतलं कशासाठी, तर समोरचा सेंटर रिंगपासून लांब ओढायला, आणि तोच सेंटर रिंगखाली उभा! हार्टबद्दल मला प्रेमच आहे हो, त्या उंचीला एवढे रिबाऊंड काढणारा माणूस मी पाहिला नाही, पण हे गणित त्याच्यामुळेच फिस्कटलं.

आता बघा, खोट असलेले स्टार चालतात कधी? जेव्हा ते अटॅकमध्ये इतकं देतात की डिफेन्समध्ये गेलेलं वसूल होऊन वर उरतं. योकिच-मरेचं अटॅक कुणाला थांबवता आलं नाही म्हणून त्यांचा डिफेन्स खपला. आपल्या दोघांनी वेगवेगळे भरपूर पॉइंट केले पण दोघं मिळून जे व्हायला हवं होतं ते अर्ध्या सीझननंतर बंदच पडलं. पाच जणांची ती स्टार्टिंग लाइनअप मागच्या सीझनला आख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त मिनिटं एकत्र खेळली आणि तरी थिबोडोंनी ती बदलली कधी, तर पेसर्सकडून घरच्या दोन्ही मॅच हरल्यावर, तिसऱ्या मॅचला हार्टला बसवून आपला दुसरा सेंटर मिचेल रॉबिन्सनला स्टार्ट केलं. ती मॅच २० ने मागे पडून जिंकलो, टाउन्सने एकट्या चौथ्या क्वार्टरला २० मारले. त्या आधीच्या मॅचला याच टाउन्सला चौथ्या क्वार्टरमध्ये बराच वेळ बेंचवर बसवलेला, त्याच्या डिफेन्समुळेच. दोन दिवसांत एकाच माणसाची दोन टोकं.

रॉबिन्सन हे माझं उत्तर आहे. टाउन्सला सेंटर म्हणून खेळवायचंच कशाला? मिनेसोटात तो सेंटर गोबेरच्या शेजारी चार नंबरला (सेंटरच्या जोडीचा फॉरवर्ड) खेळायचा आणि २०२३-२४ ला ती टीम डिफेन्समध्ये लीगमध्ये पहिली होती. पहिली! टाउन्स असताना! डेन्व्हरविरुद्ध तर त्याने योकिचला अंगावर घेतला, गोबेर मागून मदतीला, आणि सातव्या मॅचला डेन्व्हरच्या घरी २० ने मागे असताना ९८-९० जिंकले. म्हणजे त्याला डिफेन्स येतच नाही हे खरं नाही, रिंग एकट्याने राखायची जबाबदारी त्याच्यावर टाकली की तो बुडतो.


नागपाडा_नंबर_७

मावशी, लिहिलंय मस्त, हार्टचा मुद्दा मान्य, एकदम मान्य.

पण त्याच मिनेसोटाचं पुढे काय झालं ते पण सांगा की. पुढच्याच राऊंडला डॅलसने ४-१ ने घरी पाठवलं. लुका आणि कायरी दर पझेशनला स्क्रीन लावून हवा तो माणूस काढून घेत होते, गोबेर असून.

आणि मग त्याच लुका-कायरीचं काय झालं? फायनलला बॉस्टनसमोर ४-१. बॉस्टनवाल्यांनी लुकाला गिऱ्हाईक केला, जो येतो तो त्याच्यावरच ड्राइव्ह करतो, तिसऱ्या मॅचला तर बिचारा सहा फाऊल करून बाहेर. अटॅकमध्ये लुकापेक्षा भारी कोण आहे हो? त्याचं वसूल झालं का?

मला वाटतं २०२३ नंतर खेळच बदललाय. बॉस्टनच्या २०२४ च्या टीमचं बघा, टेटम, ब्राऊन, व्हाइट, हॉलिडे, हॉरफर्ड. कुणावर जाणार? कच्चा एक पण नाही. ओक्लाहोमाचं तर त्याहून वाईट, ६८ मॅच जिंकल्या, बेंचवरून येणारा पण चावतो, शे गिल्जेस-अलेक्झांडर एमव्हीपी असून डिफेन्समध्ये हात चालवतो. निक्स मागच्या सीझनला बॉस्टन, क्लीव्हलँड आणि ओक्लाहोमा मिळून दहा मॅच खेळले. किती जिंकले? शून्य. दहापैकी शून्य.

योकिच अपवाद आहे आणि तो योकिच आहे. त्याचं उदाहरण देऊन टाउन्सला चॅम्पियन बनवणं म्हणजे सचिन बॉलिंग पण करायचा म्हणून गल्लीतल्या बंड्याला ऑलराउंडर म्हणण्यासारखं आहे.


मिरजेचा_जोकर

सिरीजमध्ये बॉस्टनला हरवलं की ४-२. ते मोजायचं नाही का? पहिल्या दोन मॅच बॉस्टनच्या घरी, दोन्हीमध्ये २० ने मागे पडून जिंकल्या, दोन्ही वेळेला शेवटी आपल्या मिकल ब्रिजेसने बॉल काढून घेतला. रेग्युलर सीझनचे ०-४ गेले कुठे मग?


नागपाडा_नंबर_७

चौथ्या मॅचला टेटमचा अकिलीस (टाचेमागचा कंडरा) तुटला हे पण लिहा.


मिरजेचा_जोकर

तेव्हा आपण २-१ ने पुढे होतो आणि चौथी मॅच पण जिंकत होतो!! टेटमने त्या दिवशी ४२ मारलेले तरी.


वरळी_डोम_२०१९

तुमचं चालू द्या, मी फक्त एक सांगायला आलो, ईस्टमध्ये आता राहिलंय कोण? टेटमचा अकिलीस. हॅलिबर्टनचा अकिलीस, तो पण फायनलच्या सातव्या मॅचला पहिल्याच क्वार्टरमध्ये. लिलार्डचा अकिलीस आणि वर मिलवॉकीने त्याला सोडूनच दिला. बॉस्टनने हॉलिडे आणि पोरझिंगिस दोघांना पाठवलं. इंडियानाचा माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला, ज्याला आम्ही २०१९ ला वरळीच्या डोममध्ये डोळ्यासमोर बघितलेला सॅक्रामेंटोविरुद्ध, तेव्हा वाटलं नव्हतं हा माणूस पुढे आमच्या ओळखीच्या अर्ध्या लोकांचा सीझन खराब करेल. म्हणजे आता राहिले क्लीव्हलँड, ऑर्लँडो, डेट्रॉइट. खोट कुणात नाही यांच्यात? मिचेल-गार्लंड हे पण दोन बुटके गार्डच आहेत.

चॅम्पियन व्हायला परफेक्ट असावं लागत नाही, त्या वर्षी समोर उभा असलेल्यापेक्षा बरं असावं लागतं. निक्स फायनलपर्यंत तर जाऊ शकतात, १९९९ नंतर ते पण झालं नाहीये. पुढे ओक्लाहोमा आहे ते देव जाणे.


पहाटेचा_प्रेक्षक (पुणे)

अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. मावशी, हार्टवर सेंटर ठेवायचे ते मी बघत होतो पण त्याचा ब्रन्सन-टाउन्सच्या पिक अँड रोलशी असा संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही, आता परत जुन्या मॅच लावून बघतो.

मग एक सांगा, जर टाउन्स सेंटर म्हणून चालत नाही आणि चार नंबरला खेळवायला रॉबिन्सन लागतो जो अर्धा सीझन जखमी असतो, तर सरळ टाउन्सला ट्रेड करून कुणी डिफेन्सवाला का आणत नाहीत? आमच्या ग्रुपमध्ये रोज एक नवीन ट्रेड बनवतात पोरं, एकात तर मिलवॉकीचा यानिस येतो.


एडिसनची_मावशी

ट्रेड मशीनवर सगळं होतं रे बाळा :) खऱ्यात बघायचं तर द्यायला काय आहे? ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पाच फर्स्ट राऊंड पिक (ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पोरं निवडायचे हक्क) देऊन बसलेत. टाउन्सचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, २२ कोटी डॉलरचं. एवढा पगार जुळवून परत चांगला माणूस मिळवायचा म्हणजे समोरच्या टीमला काहीतरी गोड द्यावं लागतं आणि तो डबा रिकामा आहे.

उलट ही टीम एवढी बांधता आली तीच ब्रन्सनमुळे, हे पुण्या-मुंबईतल्या लोकांपर्यंत किती पोचलंय माहीत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने चार वर्षांचं १५.६५ कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन सही केलं. एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचं जवळपास २७ कोटींचं मिळालं असतं. म्हणजे ११ कोटी डॉलरच्या वर सोडले! मॅक्स पगारवाल्या गार्डच्या शेजारी टाउन्स, अनुनोबी, ब्रिजेस ठेवणं नवीन नियमात, तो सेकंड एप्रन (टीमच्या एकूण पगाराची वरची रेघ) वगैरे जो प्रकार आहे ना, त्यात अशक्य होतं. त्याची उंची ही त्याची खोट असेल तर पगार ही त्याची दुसरी बाजू धरा. लुकाला, टेटमला हे शक्य नाही, ते एवढे महाग आहेत की बाजूचे तीन घेताना मालकाचा हात आखडतोच. बॉस्टनने या उन्हाळ्यात हॉलिडे-पोरझिंगिस काय हौस म्हणून पाठवले का.

नंबर सातच्या मुद्द्यावर: खेळ बदललाय हे बरोबर, गेल्या दोन चॅम्पियनमध्ये कच्चा माणूस नव्हता हे पण बरोबर. पण लुकाच्या डॅलसकडे अनुनोबी आणि ब्रिजेस दोघं नव्हते. डेरिक जोन्स आणि पीजे वॉशिंग्टन चांगले आहेत पण तेवढे नाहीत. आणि ब्रन्सनचं सांगायचं तर त्याला गिऱ्हाईक करतात तेव्हा थिबोडोंचा उपाय एकच असायचा, तो लढतो, हरतो, मागून मदत येते, मदत आली की कोपऱ्यातला मोकळा. नेस्मिथचे ते थ्री आठवा. त्यातले सगळे काही कोपऱ्यातून नव्हते आणि काही तर हात तोंडावर असताना मारले, नशीब पण होतं त्याचं, पण आपली पाचही माणसं तोवर पळून पळून संपली होती हे मला टीव्हीवर दिसत होतं. थिबोडोंचं बेंचशी वाकडं आहे हे शिकागोपासून सगळ्यांना माहितीये. २०२४ ला तर सातव्या मॅचपर्यंत अर्धी टीम हॉस्पिटलमध्ये, शेवटी ब्रन्सनचाच हात फ्रॅक्चर झाला, आणि समोर तेव्हा पण पेसर्सच होते.

कोच माइक ब्राऊन आलेत, क्लार्कसन आणि याबुसेले घेतलेत. क्लार्कसन डिफेन्समध्ये अजून एक ढिलाच, ते मला पटलेलं नाही. पण ब्रन्सन बाहेर बसला की बॉल कुणी हातात घ्यायचा हा प्रश्न होता तो थोडा सुटेल आणि ब्रन्सन ३५ मिनिटांऐवजी ३२ खेळला तर एप्रिलमध्ये त्याचे पाय जागेवर असतील. कच्चा डिफेंडर दमला की नुसता कच्चा राहत नाही, दारच उघडं टाकतो. अनुनोबी समोरच्याच्या नंबर एकला, ब्रिजेस नंबर दोनला, रॉबिन्सन रिंगखाली, टाउन्स चारवर, ब्रन्सन त्यांच्या सगळ्यात आळशी शूटरवर. यातून टॉप दहात डिफेन्स बसेल. पहिल्यात नाही बसणार. अटॅक जर पहिल्या दोनात गेला तर बास आहे तेवढं.

म्हणून माझं उत्तर हो, होऊ शकतात, पण हार्ट बेंचवरून आला तर आणि रॉबिन्सनचा घोटा टिकला तर. दोन्हीतलं एक जरी नसेल तर नंबर सात बरोबर.


नागपाडा_नंबर_७

रॉबिन्सनचा घोटा! मागच्या सीझनला तो फेब्रुवारी संपता संपता कोर्टवर आला. तुमची आख्खी ट्रॉफी त्या घोट्यावर उभी आहे मावशी.

आणि तो खेळला तरी बॉस्टनने काय केलं ते विसरलात? त्याच्याकडे बॉल नसताना पण धरून फाऊल करत होते, जा लाइनवर. निम्मे पण जात नव्हते त्याचे. म्हणजे दोन स्टारची खोट झाकायला जो माणूस आणला त्याची खोट झाकायला परत त्याला बेंचवर घ्यायचा आणि टाउन्सला सेंटर करायचा, फिरून तिथेच.


मिरजेचा_जोकर

शॅक. ३९ फ्री थ्रो. १८. चॅम्पियन. (वर लिहिलंय.)


नागपाडा_नंबर_७

शॅक त्या मॅचला ४० पॉइंट पण घेतो रे! रॉबिन्सन चार घेतो.


एडिसनची_मावशी

चार पॉइंट, पण वर ढीगभर रिबाऊंड, त्यातले निम्मे आपल्याच चुकलेल्या शॉटचे. ब्रन्सनचा शॉट चुकला तरी बॉल परत आपल्याकडे येतो तो याच्यामुळे. बॉस्टनवाले त्याला फाऊल का करत होते? कोर्टवर नको होता म्हणूनच ना. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल नसलेल्या माणसाला धरलं तर एक फ्री थ्रो आणि वर बॉल पण आपल्याकडेच, त्यामुळे ते शेवटी करता येत नाही, फक्त मधल्या वेळात. आणि तोवर टाउन्स सेंटर म्हणून खेळवायला काही हरकत नाही, समोरचे बेंचवाले असतात तेव्हा. हे तर कोचचं काम आहे, कधी कुणाला आत घ्यायचं.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट पण पुढच्या उन्हाळ्यात संपतंय. स्वतःच्या पगारासाठी तरी मारेल मेला फ्री थ्रो.


वरळी_डोम_२०१९

कॉन्ट्रॅक्टच्या वर्षात सगळ्यांचे घोटे आपोआप बरे होतात, बघाच.

बरं ते ग्रुपमधलं यानिसचं ट्रेड इथे टाका ना, निक्सकडून कोण कोण जातंय त्यात?


पहाटेचा_प्रेक्षक (पुणे)

टाउन्स, हार्ट आणि "काही पिक". कुठले पिक ते विचारलं तर पोरगा ग्रुप सोडून गेला.